जनायला ऊब दाखवायची आहे

कार्तिक वद्य ५, गुरुवार

अणशीहून आत्ताच आले. जनायनं आज परत हाकललं. हाकललं म्हणजे काठी उगारली नाही. ताक दिलं, नाचणी बांधून दिली, आणि सून देत नाही म्हणून सांगितलं.

सोमीला, त्या सुनेला, सातवा महिना सरत आलाय. आधीची दोन्ही अशीच दिवस भरायच्या आधी झाली, दोन्ही थंडीत, आणि दोन्ही गेली. पहिलं घरातच. दुसरं इथं सुप्याला दवाखान्यात आणताना बैलगाडीत, जनायच्याच मांडीवर. म्हणून माझं म्हणणं, या खेपेला आधीच सोमीला दवाखान्यात आणून ठेवू, जे काय व्हायचं ते माझ्या डोळ्यांसमोर होऊ दे. नवरा बुधो तयार. सोमी तर आज माझा पदर सोडेना. पण घरात चालतं ते सासूचं.

जनाय म्हणाली ते जसंच्या तसं: "वाटंत झालं तर? मागच्याला वाटंतच झालं न्हवं? तुझ्या मोटारीत ऊब हाय म्हणतीस, मला दाव. माझ्या हाताला लागली का सून ने. न्हाईतर न्हाई."

म्हातारीचं चुकलं असं म्हणवत नाही. पण दाखवू कुठून? हीटर बंद.

का. व. ६, शुक्रवार

सकाळपासून मोटारीपाशी. रोगी आले तसे उठून औषध दिलं, परत मोटारीपाशी.

लाकडाच्या ठेकेदारांनी भाद्रपदात ही गाडी दवाखान्याला दिली तेव्हा सगळे हसले होते. आधी ती निलगिरीकडच्या कुणा चहामळेवाल्या साहेबाची. तिकडे थंडी फार, म्हणून साहेबानं आत गरम हवेची पेटी बसवून घेतलेली. पुढच्या बैठकीसमोर, पायांच्या वर, लोखंडी पेटी, तिला पट्ट्यापट्ट्यांची जाळी. इंजिनातलं कढत पाणी नळीनं पेटीत येतं आणि आतला विजेचा पंखा ती ऊब अंगावर फेकतो. गाडी आली त्या दिवशी अख्खं सुपं गाव हात घालून गेलं. पोस्टमास्तर तर दोनदा आले.

मग पंखा कधी बंद पडला कोण जाणे. दसऱ्याला उकाडाच होता, कुणी बघायला गेलं नाही. आता बटण ओढलं की काही होत नाही. पेटी तापते, पण ऊब जागच्या जागी. हात जाळीला अगदी टेकवला तर कोमट लागतं. भाकऱ्या उलथून जनायचे हात राठ झालेले, तिला ते कोमट काय कळणार.

आमचा ड्रायव्हर यल्लप्पा (पुढे नुसता य.) म्हणतो, "थंडी वाढली की आपसूक चालतंय बघा, बाई." मोटार आहे का मांजर, म्हटलं. बोनेटला हात लावू देईना. बायामाणसांचा हात लागला की इंजिन बिघडतं म्हणे. बरं बाबा, अजून काय बिघडायचं राहिलंय.

गाडीत गुळाचा वास येतो. पेटी तापली की जास्तच. य. ला विचारलं, दवाखान्याच्या गाडीतनं गुळाच्या ढेपी नेतोस का बाजाराला? फुगून बसला दिवसभर.

का. व. ८, रविवार

य. चा रुसवा गेला. निंगव्वानं, त्याच्या बायकोनं, समजूत घातली असणार. सकाळी आपणहून आला आणि म्हणाला, फ्यूज बघूया की.

फ्यूज म्हणजे काचेच्या नळीत केसासारखी तार. ती जळालेली! मी टाळीच वाजवली. सापडलं. नवी घातली, बटण ओढलं, तीही जळाली. अजून एक, तीही. तेवढ्यात य. नं काय करावं, ठेकेदारांच्या लॉरीतली जाडजूड तार काढून आणली आणि तीच अडकवली. म्हणे आता बघू कशी जळते. तार नाही जळाली. पेटीतून आधी गुळाचा वास आला, मग केस जळाल्यासारखा, मग धूर. मी ओरडले तेव्हा त्यानं बटण दाबलं.

मला तर स्वच्छ दिसतंय. फ्यूज पुन्हा पुन्हा जळतो म्हणजे आत कुठंतरी अडलंय, आणि अडलेल्या जागी नुसता जोर लावून उपयोग नाही. य. म्हणाला, "बाई, ही बाळंतीण न्हवं." मी म्हटलं, तुला काय ठाऊक. दोघंही हसलो, पण पेटी उघडायचं नाव काढलं की तो मागे सरतो. साहेबलोकांची वस्तू, खोलली आणि परत बसली नाही तर ठेकेदार त्याला परत लॉरीवर बसवतील ही भीती.

का. व. ११, बुधवार

आज मरता मरता वाचलो. अक्षर वाकडं येतंय.

कुंभारवाड्याला अडलेली बाई, पहाटेपर्यंत जागी. सुटली बिचारी, दोघं खुशाल. परतताना दिवस वर आला होता तरी धुकं होतं आणि मी मागच्या बैठकीवर घोंगडी घेऊन झोपले. जाग आली ती डोकं फुटतंय म्हणून. ओकारी येतेय, हातपाय माझे नाहीतच. बघते तर गाडी रस्ता सोडून कळकाच्या बेटात शिरलेली आणि य. स्टेअरिंगच्या चाकावर मान टाकून. आणि त्याच्या पायाशी, पुढच्या बैठकीखाली, रसरसलेली शेगडी! सगळ्या काचा घट्ट बंद!

दार कसं उघडलं ते देवाला माहीत. त्याला ओढून काढला, तोंडावर पाणी मारलं. बराच वेळानं डोळे उघडले आणि पहिलं काय म्हणाला, "बाई, ऊब आली होती का न्हाई?"

त्याचं डोकं असं चाललं: हीटर चालत नाही, मग बाळंतिणीच्या खोलीत ठेवतो तशी शेगडीच ठेवू, जनायला काय, ऊब लागल्याशी कारण. चांगल्या मनानं केलं सगळं. पण खोलीला फटी असतात, कौलं असतात. मोटारीला काचा. नर्सिंग शिकताना कोळशाच्या विषारी वाफेचं पाठ केलं होतं, आज नाकातोंडात गेली. मी त्याला इतकं बोलले, इतकं बोलले, की शेवटी घसा बसला. मग दोघं कळकाखाली बसून ऊन खात राहिलो.

शेगडी तिथंच दरीत फेकली. निंगव्वाची होती. आता तिचीही बोलणी खायची.

का. व. अमावास्या, रविवार

बुधो पळत आला. अणशीपासून पायी! सोमीच्या पोटात दुखून गेलं काल, मग थांबलं. मी गेले नाही, अमावास्येला जनाय दारात उभं करायची नाही. औषध दिलं, पडून राहा म्हणून निरोप दिला. बुधो जाताना मोटारीजवळ थांबला आणि जाळीत बोटं घालून बघितली. मग तसाच गेला.

डॉक्टरसाहेब हल्याळहून आठवड्याला एकदा येतात. त्यांना विचारलं होतं. म्हणाले, पोलिसपाटलाला सांगून बाईला आणा. म्हणजे झालंच. जनाय पाटलाला पाट देईल, चहा देईल आणि सोमीला रानात लपवेल.

काही नाही. पेटी उघडायची. उद्याच. ठेकेदारांशी मी भांडेन.

मार्गशीर्ष शु. १, सोमवार

य. ला सांगितलं, मोडली तर मी मोडली. तेव्हा कुठे पान्हा हातात घेतला.

आधी एक युक्ती केली. माझ्या टॉर्चचा दिवा काढून दोन तारांना बांधला. पंख्याला येणाऱ्या तारेला लावला, तर दिवा भकदिशी पेटला आणि गेला. गेला म्हणजे जळाला, पण पेटला होता! म्हणजे वीज पंख्यापर्यंत येतेय. तार चांगली, बटण चांगलं, बॅटरी चांगली. दोष पंख्यातच. इतका आनंद झाला की य. च्या पाठीत धपका घातला. लाजला मेला.

टॉर्च आता आंधळा. कंदिलावर भागवू.

मा. शु. २, मंगळवार

सापडलं सापडलं सापडलं.

काय हसलो आज. पोट दुखतंय. नीट लिहिते, नाहीतर पुढे वाचताना माझं मलाच खरं वाटायचं नाही.

पाण्याच्या नळ्या बांधून ठेवल्या, पेटी खाली उतरवली, अंगणात फळीवर ठेवली. जाळीचे स्क्रू निघेनात, चिकटलेले. य. नं एक स्क्रू काढून बोटाला लागलेलं चाटून बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत चाटलं. "गूळच हाय ओ, बाई."

जाळी काढली. आत काय नव्हतं? गुळाचा हा एवढा राप, पाक होऊन वाळलेला. त्यात चुरमुरे, खोबऱ्याचे तुकडे, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, पुरणपोळीची काळी पडलेली कड. आणि पंख्याच्या पात्यात गच्च अडकून बसलेली एक अख्खी सुपारी.

मी म्हटलं उंदीर. य. चा चेहरा मात्र पडला. त्यानं घराकडे तोंड करून निंगव्वाला हाक मारली. ती आली, बघितलं, आणि तिला काही म्हणता काही वाटलं नाही. म्हणाली, व्हय, मीच घास देते की.

आता हे असं: य. लॉरीवर आणि मग या मोटारीवर यायच्या आधी बैलगाडी हाकायचा. लांबच्या वाटेला निघताना बैलांना गूळ-चुरमुऱ्याचा घास द्यायची त्यांच्या घरची रीत. सणाला पोळी. बैल गेले, मोटार आली, निंगव्वानं रीत सोडली नाही. दसऱ्याला मोटारीची पूजा केली, नारळ फोडला, आणि घास द्यायला तोंड शोधलं. पुढची मोठी जाळी म्हणजे तिच्या हिशेबी कपाळ, तिथं कुंकू लावलं. मग आत बसून बघितलं तर या पेटीतून गरम गरम श्वास येतोय. श्वास येतो तेच तोंड. पोळी दिली, विडाही दिला सुपारीसकट. आणि त्यानंतर मी जेव्हा जेव्हा लांबच्या बाळंतपणाला निघाले तेव्हा तेव्हा पहाटे उठून चिमूटभर गूळ. माझ्याच रोग्यांसाठी!

य. तिच्या अंगावर धावला. मी मध्ये पडले, आणि मध्ये पडल्या पडल्या हसू फुटलं ते थांबेना. निंगव्वा रागानं लाल. "उपाशी ठिवायची व्हय मग? एवढी तुमची ओझी वाहत्या ती."

ठरलं असं की यापुढे घास बोनेटवर ठेवायचा आणि गाडी निघायच्या आधी कावळ्याला घालायचा.

मा. शु. ३, बुधवार

कालचं हसू कालच संपलं.

कढत पाण्यानं सगळा गूळ काढला. मुंग्यांनी अर्धं अंगण व्यापलं. पंखा धुऊन पुसून बोटानं फिरवला तर भिंगरी! जोडला, बटण ओढलं. ढिम्म. फ्यूज शाबूत, तारेत वीज, पंखा मुका.

य. नं पंख्याचं मागचं बूड उघडलं. आत दोन काळे ठोकळे असतात, नखाएवढे, त्यांना हे लोक कार्बन म्हणतात. ते दोन बाजूंनी मधल्या दांड्याला टेकलेले असतात, त्यांच्यातून वीज फिरत्या भागात जाते. त्यातला एक जळून भुगा. जाड तार घालून अडलेल्या पंख्यात वीज रेटली ना मागे, त्याचं हे फळ. य. बिचारा आपल्या थोबाडीत मारून घेत होता.

नवा कार्बन हुबळीला मिळेल का, तर नाही, मुंबईहून मागवायचा. मुंबईहून येईतो सोमीचं काय?

डोकं चालत नाही. रागानं दोन रोग्यांना उगाच बोलले. एकाला तर नुसता खोकला होता.

मा. शु. ४, गुरुवार

चाललाऽऽ! पंखा चालला!

सकाळी आंघोळीला पाणी तापवत होते आणि चुलीतल्या कोळशाकडे बघता बघता आठवलं. टॉर्चच्या सेलमध्ये मधोमध काळी कांडी असते. शाळेत असताना भाऊ सेल फोडून त्या कांड्यांनी भिंतीवर रेघोट्या ओढायचा आणि मार खायचा. ती काळी कांडी कशाची? ओल्या केसांनीच पळाले. य. ला विचारलं, ही चालेल का? त्यानं हातात घेऊन उलटीसुलटी केली, म्हणाला, "रंग तर त्योच हाय."

रंगावर काय आहे, पण दुसरं होतं काय हातात?

सेल फोडला. कांडी पानाच्या अडकित्त्यानं तोडली, दोनदा चुकीची मोडली. मग माझ्या औषधाच्या सहाणेवर घासत बसले. य. मापं सांगतोय, मी घासतेय. जास्त घासली तर सैल, कमी घासली तर बसेना. हात काळे, पातळ काळं, नाकावर काळं. डॉक्टरसाहेब आले असते तर कामावरून काढलं असतं. शेवटी बसली एकदाची. य. नं मागची स्प्रिंग लावली, बूड बंद केलं.

बटण मी ओढलं. त्यानं डोळे मिटले होते. आधी चर्र झालं, एक ठिणगी दिसली, मग घरघर, मग नीट आवाज धरला. पेटी बसवून इंजिन तापेपर्यंत दम निघेना. आणि मग आली हो ऊब. अंगावर आली. निंगव्वानं पुढे होऊन तोंडच नेलं जाळीशी. म्हणाली, श्वास आला परत.

मी रडले थोडं. कुणाला कळलं नाही, सगळ्यांचे चेहरे काळेच होते.

य. चं म्हणणं ही कांडी मऊ, झिजणार लवकर. उरलेल्या सेलच्या कांड्या आजच घासून ठेवते.

मा. शु. ६, शनिवार. चंपाषष्ठी

पहाटे निघालो. वाटेत जोयडा येईपर्यंत बोनेटपुढचंही दिसत नव्हतं, इतकं धुकं. आत मात्र य. नं कोट काढला, मी शाल काढली. एकदा पंखा कुरकुरला. परत चालला.

अणशीला गाडी थेट खळ्यापर्यंत नेली. वाडीतली सगळी माणसं गोळा. सोमी दारात, फिकी पडलेली. जनाय शेणाचा हात धुऊन आली, सावकाश, मुद्दाम. मी दार उघडलं. तिनं उजवा हात जाळीसमोर धरला. मग डावा. मग आमच्याकडे न बघता आत चढून बसली आणि दार ओढून घेतलं.

बुधो माझ्याकडे बघतोय, मी य. कडे. बराच वेळ झाला. काचेतून बघितलं तर म्हातारी दोन्ही हात पुढे करून तशीच बसलेली, डोळ्यांतून पाणी चाललेलं. मला दुसऱ्या पोराची आठवण आली. तिलाही तीच आली असणार.

खाली उतरली ती पदरानं तोंड पुसत. सोमीला म्हणाली, "लुगडं बदल. मी बी येतंय."

मग घरात गेली आणि वाटीत काहीतरी घेऊन आली. गूळ-खोबरं. सरळ पेटीकडे. मी आणि य. एकदम धावलो, इतके की तिच्या हातातली वाटी पडली. तिला समजावताना पुरेवाट झाली. शेवटी तो गूळ य. नं खाल्ला, मोटारीच्या वतीनं.

येताना सोमी मागे उशीला टेकून, जनाय पुढे. सबंध वाट हात जाळीसमोर. पाय पुढे केले की म्हणे पाप लागेल, म्हणून मांडी घालून बसली.

मा. शु. ८, सोमवार

सोमी ठीक. दुखणं नाही. जनायनं दवाखाना ताब्यात घेतलाय. माझा स्वयंपाक तिला पसंत नाही, माझं झाडणं पसंत नाही. रोग्यांना मी गोळी दिली की ही पाठोपाठ जाऊन पथ्य सांगते, आणि ते माझ्यापेक्षा तिचं ऐकतात. य. ला म्हणते तुझी बायको शहाणी, तिला घिऊन ये. दोघींचं गूळपाणी चालू आहे, पेटीपासून लांब.

मला काय, दिवस भरेपर्यंत राहू दे सासूसुनांना. अजून महिना निघाला तरी पुष्कळ.

मा. शु. १०, बुधवार

महिना कुठला. आज सकाळीच सोमी मोकळी झाली. मुलगी. सोमी बरी आहे, रक्त थोडं, घाबरण्यासारखं नाही. पोरगी मात्र इवलीशी, माझ्या दोन तळव्यांवर मावेल एवढी. रडली, पण किती बारीक.

बाहेर दाट धुकं. खोलीत नदीचा वारा, एका खिडकीला तावदान नाही, ते दोन वर्षं मागतेय. शेगडी आणू म्हणाली निंगव्वा, तर धूर त्या एवढ्याशा छातीला सोसायचा नाही. गरम पाण्याच्या बाटल्या दोन, त्या भरून होईतो निवतात. पोरीचे तळवे माझ्या हातात गार व्हायला लागले. जनायनं ते बघितलं आणि पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

आणि मला सुचलं! खोली तापत नाही ना, मग मोटार आहे की. वाटेसाठी चालू केला होता पंखा, वाट नसली म्हणून काय झालं!

य. ला ओरडून सांगितलं. गाडी अंगणात आणली, धुराची नळी वाऱ्याच्या खालच्या अंगाला केली, एक काच दोन बोटं उघडी ठेवली, आता कुणी मला कोळशाचं शिकवू नये. जनायला आत बसवलं, चोळी काढायला लावली, पोरीला तिच्या उघड्या छातीला लावून वरून घोंगडी. बटण ओढलं. चालला, पहिल्या झटक्यात.

दुपारपर्यंत तळवे गुलाबी. सोमीचं दूध काढून बोंडल्यानं थेंब थेंब पाजलं. तीन थेंब गिळले, चौथा सांडला. मी वेड्यासारखी अंगणात नाचले, रोगी बघत होते.

संध्याकाळी एक कांडी झिजून संपली. य. नं दुसरी घातली तोवर जनायनं पोरीवर स्वतःचं अंग वाकवून धरलं होतं.

मा. शु. ११, गुरुवार

मोटारीत बसून लिहितेय, मांडीवर वही. ऊन आलंय, पण वारा आहेच. रात्री जनाय, निंगव्वा, मी, आळीपाळीनं. पोरगी आहे. पेट्रोल संपत आलं म्हणून य. पहाटेच्या लॉरीनं लोंढ्याला गेलाय, डबे घेऊन येतो म्हणाला. कांड्या अजून दोन. डॉक्टरसाहेबांना तार केली आहे, उद्या येतील किंवा परवा.

जनाय आत्ता तिच्या पाळीला आहे. काल संध्याकाळपासून एक नवीनच चाललंय तिचं. मध्येच म्हणते, "बंद कर गो जरा त्यो पंखा."

पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी भडकले. एवढा जीव काढून चालू केलेला पंखा, तो बंद कशाला? तिला ऊब नको झाली की काय. तर म्हणाली, "ह्याच्या घरघरीत हिचा श्वास ऐकू येईना झालाय मला."

इंजिन बाहेर गुरगुरतं त्याचं तिला काही नाही, पण पंखा कानाशीच. मी बटण दाबलं. दोघींनी माना खाली घातल्या, श्वास धरून. काहीच नाही. अजून काही नाही. मग आला. बारीक, अडखळत, पण आला. जनाय म्हणाली, "हाय." मी परत बटण ओढलं.

तेव्हापासून असंच. पंखा चालू, ऊब, मग बंद, आम्ही दोघी कान लावून, मग हाय, मग चालू. एवढं लिहीपर्यंत कितीदा बटणाला हात घातला. य. चा अजून पत्ता नाही.

परत सांगतेय, बंद कर म्हणून.